अध्यासन आणि कविता : रोमानो ग्वार्दिनीच्या वाङ्मयवाचनाविषयी

१

कविता जे सांगते ते खरे आहे काय, हा प्रश्न विसाव्या शतकातील साहित्यसमीक्षेने हळूहळू आपल्या कक्षेबाहेर ठेवला. कवितेतील विधाने ही खऱ्याखोट्याच्या कसोटीला लावायची विधाने नव्हेत, ती एका रचनेचे घटक असतात आणि त्या रचनेतच त्यांचा अर्थ पुरा होतो, असे मानण्याकडे समीक्षकांचा कल राहिला. या भूमिकेने समीक्षेला पुष्कळ दिले. बोधवाद, चरित्रशोध आणि सामाजिक उपयुक्तता यांच्या जाचातून तिने कवितेची सुटका केली. परंतु तिची एक किंमतही होती. जिचा सारा भार श्रद्धेवर, मृत्यूवरील चिंतनावर किंवा ईश्वराच्या अनुपस्थितीच्या अनुभवावर पेललेला आहे, अशा कवितेसमोर वाचक नेमके काय करतो? ती सुंदर आहे असे म्हणून पुढे जातो, की तिच्या म्हणण्याला होकार वा नकार देतो? पहिला मार्ग सुरक्षित आहे. पण कवीला ज्याची आस होती ते त्यात निसटते. दुसरा मार्ग धोक्याचा आहे. कारण त्यात कवितेचे प्रबंधात रूपांतर होण्याची भीती असते.

हा दुसरा मार्ग जाणीवपूर्वक पत्करणाऱ्या एका कॅथलिक ईश्वरविद्येच्या प्राध्यापकाचा येथे विचार करावयाचा आहे. रोमानो ग्वार्दिनी (१८८५–१९६८) याचे नाव ईश्वरविद्येच्या इतिहासात प्रामुख्याने उपासनाविधीच्या नूतनीकरणाशी जोडले जाते. साहित्याच्या अभ्यासकांना तो दोस्तोयेव्हस्की, होल्डरलिन, दान्ते आणि रिल्के यांच्यावरील पुस्तकांमुळे ठाऊक असतो. या दोन ओळखी सहसा एकमेकींपासून दूर ठेवल्या जातात. जणू ईश्वरविद्या हा त्याचा व्यवसाय होता आणि साहित्य हा विरंगुळा. वस्तुस्थिती तशी नाही. त्याची प्राध्यापकी ज्या चमत्कारिक परिस्थितीत सुरू झाली, त्या परिस्थितीतूनच त्याची वाचनपद्धती घडली. या पद्धतीचे यश आणि अपयश या दोहोंची मुळेही तेथेच सापडतात. ती शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

२

ग्वार्दिनीचा जन्म १७ फेब्रुवारी १८८५ रोजी इटलीतील व्हेरोना येथे झाला. वर्षभरातच व्यापाराच्या निमित्ताने कुटुंब जर्मनीतील माइन्झ शहरी स्थायिक झाले. घरात इटालियन आणि शाळेत जर्मन अशा दोन भाषांत तो वाढला. दान्तेच्या ओळी त्याने प्रथम ऐकल्या त्या वडिलांच्या तोंडून. शिक्षणाची सुरुवात मात्र साहित्याशी किंवा धर्माशी संबंध नसलेल्या विषयांनी झाली. ट्यूबिंगेन येथे रसायनशास्त्र, मग म्यूनिक व बर्लिन येथे अर्थशास्त्र. दोन्ही विषय त्याने अर्धवट सोडले. या काळात त्याची श्रद्धाही डळमळीत झाली होती. १९०५च्या सुमारास कार्ल नॉयन्ड्योर्फर या मित्राशी झालेल्या एका संभाषणात, जो आपला जीव राखू पाहतो तो त्याला गमावतो, या अर्थाच्या ख्रिस्तवचनावर विचार करताना त्याला आपली वाट सापडली. १९१० साली त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, १९११ साली त्याने जर्मन नागरिकत्व घेतले, १९१५ साली फ्रायबुर्ग येथे डॉक्टरेट आणि १९२२ साली बॉन येथे अध्यापनाची अर्हता मिळवली. दोन्ही प्रबंध तेराव्या शतकातील बोनाव्हेंतुरा या तत्त्वज्ञ-संतावर होते.

येथवरचा प्रवास एखाद्या विद्वान धर्मगुरूला साजेसाच आहे. त्याला वेगळे वळण मिळाले ते १९२३ साली. प्रशियाच्या शासनाने बर्लिन विद्यापीठात 'धर्माचे तत्त्वज्ञान आणि कॅथलिक विश्वदृष्टी' या विषयाचे अध्यासन निर्माण केले आणि ग्वार्दिनीला तेथे पाचारण केले. बर्लिनचे विद्यापीठ प्रॉटेस्टंट परंपरेचे. तेथे ईश्वरविद्येची विद्याशाखा होती ती प्रॉटेस्टंटांची. तत्त्वज्ञांच्या दृष्टीने 'कॅथलिक विश्वदृष्टी' हा शास्त्राचा विषयच होऊ शकत नव्हता. म्हणून एक प्रशासकीय तोडगा काढण्यात आला. हे अध्यासन कागदोपत्री ब्रेस्लाउ विद्यापीठाच्या कॅथलिक विद्याशाखेकडे राहील आणि प्राध्यापक बर्लिनमध्ये 'कायमचा पाहुणा' म्हणून शिकवील, असे ठरले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ग्वार्दिनी जेथे शिकवत होता तेथे त्याची विद्याशाखा नव्हती, आणि जेथे त्याची विद्याशाखा होती तेथे तो शिकवत नव्हता.

या परिस्थितीचे परिणाम दूरवर जाणारे होते. त्याच्या व्याख्यानांना बसणे कोणत्याही परीक्षेसाठी आवश्यक नव्हते. येणारे श्रोते निरनिराळ्या शाखांचे होते आणि केवळ ऐकण्यासाठी येत होते. तरुण हाना आरेन्ट ही त्यांपैकीच एक. पण शिकवायचे काय? अध्यासनाच्या नावातील 'विश्वदृष्टी' या शब्दाला ठरीव अभ्यासक्रम नव्हता. ग्वार्दिनीच्या आठवणींवरून दिसते, की या पेचात त्याला सल्ला दिला तो माक्स शेलर या तत्त्वज्ञाने. त्याचा आशय असा होता : 'विश्वदृष्टी' हा शब्द अक्षरशः घ्या. जगाकडे, माणसांकडे, त्यांच्या कृतींकडे पाहा. एक जबाबदार ख्रिस्ती म्हणून पाहा. आणि जे दिसेल ते शास्त्रीय शिस्तीने सांगा. उदाहरणादाखल शेलरने दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांचे नाव सुचवले.

ग्वार्दिनीची वाचनपद्धती या सल्ल्यात बीजरूपाने आहे. पाहणारा कोठे उभा आहे हे आधी सांगायचे. मात्र उभे राहण्याची जागा ठरलेली असली तरी काय दिसणार हे आधी ठरवायचे नाही. अशा भूमिकेवर दोन्ही बाजूंनी आक्षेप येणे स्वाभाविक होते. विद्यापीठीय तत्त्वज्ञांना ती अशास्त्रीय वाटणार, कारण ती निःपक्षपातीपणाचा दावा सोडून देते. रूढ ईश्वरवेत्त्यांना ती सैल वाटणार, कारण ती सिद्धान्ताऐवजी कादंबरीतून आणि कवितेतून शिकू पाहते. ग्वार्दिनीने दोन्ही आक्षेपांसह हे काम सुमारे सोळा वर्षे बर्लिनमध्ये केले.

३

बर्लिनला जाण्यापूर्वीच ग्वार्दिनीचे एक छोटे पुस्तक गाजले होते. 'उपासनाविधीचे मर्म' हे त्याचे पुस्तक १९१८ साली मारिया लाख येथील मठाच्या ग्रंथमालेत पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झाले. विषय पूर्णतः धार्मिक. परंतु सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने त्यातील दोन प्रकरणे अवश्य पाहावीत.

पहिल्यात तो उपासनाविधीला 'खेळ' म्हणतो. मुलांचा खेळ आणि कलाकृती यांच्याशी उपासनेची तुलना करताना तो 'हेतू' आणि 'अर्थ' यांत भेद करतो. यंत्राच्या प्रत्येक भागाला हेतू असतो. तो भाग दुसऱ्या कशासाठी तरी असतो. खेळाला असा हेतू नसतो. खेळणारे मूल त्यातून काही साधू पाहत नाही. पण हेतू नसला म्हणून खेळ निरर्थक ठरत नाही. त्याचा अर्थ त्याच्या असण्यातच असतो. कलाकृती अशीच निर्हेतुक आणि तरीही अर्थपूर्ण असते, आणि उपासनाविधीही. यॉन हायझिंगाने खेळ आणि संस्कृती यांच्या संबंधावरील आपल्या १९३८ सालच्या ग्रंथात ग्वार्दिनीच्या या प्रकरणाची नोंद घेतली आहे. गाडामरच्या 'सत्य आणि पद्धती' (१९६०) या ग्रंथात कलेच्या अस्तित्वाचा विचार 'खेळ' या संकल्पनेच्या आधारेच पुढे जातो आणि तेथे हायझिंगाचा आधार येतो. म्हणजे एका धर्मगुरूने प्रार्थनेविषयी मांडलेला विचार चार दशकांच्या अवधीत अन्वयार्थशास्त्राच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचला होता.

एवढ्यावरून ग्वार्दिनीला कलेच्या स्वायत्ततेचा पुरस्कर्ता ठरवावेसे वाटेल. पण त्याच पुस्तकातील पुढचे प्रकरण 'उपासनाविधीचे गांभीर्य' या विषयावर आहे. तेथे तो सौंदर्यासक्तांना सावध करतो. मंत्रोच्चार, धूप, वस्त्रे आणि संगीत यांच्या शोभेसाठी जो प्रार्थनामंदिरात येतो, तो जे घडत आहे त्यालाच मुकतो. सौंदर्य हे सत्याचे तेज आहे. तेजाकडेच टक लावून बसणाऱ्याला ते कशाचे तेज आहे हे कळत नाही, आणि अखेरीस तेजही दिसेनासे होते. शेवटच्या प्रकरणात सत्य आणि आचार या दोहोंमध्ये तो सत्याला अग्रमान देतो.

हे दोन विचार एकत्र ठेवले म्हणजे ग्वार्दिनीचे वेगळेपण ध्यानात येते. कलेला बाह्य हेतूंच्या दावणीला बांधायचे नाही, याविषयी त्याचे स्वायत्ततावाद्यांशी मतैक्य आहे. मात्र हेतूपासून मुक्त झालेली कलाकृती सत्यापासूनही मुक्त होते, हे त्याला मान्य नाही.

४

या भूमिकेची पहिली मोठी कसोटी दोस्तोयेव्हस्कीवरील पुस्तकात लागली. १९३०च्या दशकाच्या आरंभी ते प्रसिद्ध झाले आणि नंतर 'दोस्तोयेव्हस्कीच्या साहित्यातील धार्मिक व्यक्तिरेखा' या अर्थाच्या नावाने पुन्हा निघाले. ग्वार्दिनी कादंबरीकाराचे 'धर्मविषयक विचार' गोळा करीत नाही. तो एकेका व्यक्तिरेखेजवळ जातो. मुकाट्याने सोसणाऱ्या सोनियासारख्या स्त्रिया, मठातील झोसिमा, अल्योशा, बंडखोर इव्हान, पोकळ झालेला स्ताव्हरोगिन, आत्मघातातून ईश्वराला नाकारू पाहणारा किरिलोव्ह आणि शेवटी प्रिन्स मिश्किन, अशा क्रमाने माणूस आणि ईश्वर यांतील संबंधाची रूपे तो पाहत जातो.

या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाचा भाग 'धर्मन्यायाधीशाच्या आख्याना'विषयीचा आहे. 'करामाझोव्ह बंधू'मधील हे आख्यान रोमच्या चर्चवरील आरोपपत्र म्हणून वाचण्याची प्रथा होती. एका कॅथलिक प्राध्यापकाने त्याला उत्तर द्यावे, बचाव मांडावा, असे कोणालाही वाटले असते. ग्वार्दिनी एक साधी गोष्ट आठवून देतो : हे आख्यान दोस्तोयेव्हस्की सांगत नाही, इव्हान सांगतो. ज्याला ईश्वराचे जग स्वीकारायचे नाही, अशा माणसाने ते रचले आहे. म्हणून त्यातील मौन पाळणाऱ्या ख्रिस्ताकडेही संशयाने पाहायला हवे. जगाच्या रोजच्या व्यवहाराशी, सामान्य माणसाच्या मधल्या पातळीवरच्या जगण्याशी या ख्रिस्ताचा संबंधच उरलेला नाही. तो इतका शुद्ध आहे की त्याच्यामुळे काहीच बदलू शकत नाही, आणि असा ख्रिस्त इव्हानला सोयीचा आहे. हा अन्वयार्थ सर्वांना पटेलच असे नाही. त्यात कॅथलिक हितसंबंध अजिबात नाही असेही म्हणता येणार नाही. परंतु त्याची रीत वाङ्मयीन आहे. कोण बोलत आहे, कोणापाशी, कोणत्या गरजेपोटी, हे विचारल्याशिवाय तो विधानाच्या सत्यतेकडे वळत नाही.

१९३९ साली आलेल्या होल्डरलिनवरील ग्रंथातही ही शिस्त दिसते. होल्डरलिनच्या कवितेतील देव, नद्या, आकाश आणि पृथ्वी यांना अलंकार मानून मोकळे होणे ग्वार्दिनीला नामंजूर आहे. कवीला त्यांची प्रत्यक्ष धार्मिक प्रतीती आली होती असे धरून तो नदी व पर्वत, माणूस व इतिहास, देव, निसर्ग आणि ख्रिस्त अशा वर्तुळांतून हळूहळू आत जातो. हे देव ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक आहे. तरीही त्यांना आपल्या श्रद्धेची अपुरी रूपे ठरवून तो गिळंकृत करीत नाही. त्यांचे परकेपण तो राखतो. जो आपण कोठे उभे आहोत हे लपवत नाही, त्याला दुसरा कोठे उभा आहे हेही स्पष्ट दिसू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५

होल्डरलिनवरील ग्रंथाचे वर्ष योगायोगाचे नाही. त्याच १९३९ साली राष्ट्रीय समाजवादी राजवटीने बर्लिनचे अध्यासन रद्द केले. ग्वार्दिनीच्या आठवणींनुसार त्याला सांगण्यात आलेले कारण असे होते, की शासनाला स्वतःचीच विश्वदृष्टी असताना विद्यापीठात वेगळ्या कॅथलिक विश्वदृष्टीच्या अध्यासनाला जागा असू शकत नाही. याच वर्षी कॅथलिक युवक चळवळीचे केंद्र असलेला आणि ग्वार्दिनीच्या नेतृत्वाखाली नावारूपाला आलेला रोथेनफेल्सचा किल्लाही सरकारजमा झाला.

शासनाने दिलेले कारण एका अर्थी तर्कशुद्ध होते. विश्वदृष्टी ही पाहणाऱ्याच्या भूमिकेची प्रांजळ कबुली असते, असे ग्वार्दिनी मानत आला होता. शासनाच्या लेखी ती आज्ञा होती. काव्याची आणि मिथकाची भाषा या आज्ञेच्या सेवेला जुंपली जात होती. १९४३ साली होल्डरलिनच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा स्थापन झालेल्या होल्डरलिन संस्थेचे आश्रयदातेपद गोबेल्सकडे होते आणि सैनिकांसाठी त्याच्या कवितांची निवडक आवृत्ती काढण्यात आली. ग्वार्दिनीने १९३५ सालीच 'त्राता' या विषयावरील लेखात निसर्गचक्राशी जोडलेले मिथकांतील त्राते आणि इतिहासात प्रकटलेला ख्रिस्त यांत भेद केला होता. त्यातला रोख त्या वेळी सुज्ञांनाच कळण्यासारखा होता. १९४६ सालच्या विस्तारित आवृत्तीत हिटलरच्या त्रातेपणाच्या पंथाचा उघड विचार आला. मिथकाची भाषा खरी की खोटी हे विचारायचे नाही असे एकदा ठरले, म्हणजे तिचा वापर कोण कशासाठी करील यावर समीक्षेचा काहीच अंकुश उरत नाही, हे या काळाने दाखवून दिले होते.

या पार्श्वभूमीवर १९४१ साली ग्वार्दिनीची रिल्केवरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. 'दुइनो विलापिकां'पैकी दुसरी, आठवी आणि नववी यांचे विवरण तीत होते. सर्व दहा विलापिकांवरील मोठा ग्रंथ १९५३ साली आला. या विलापिका १९१२ साली दुइनोच्या किल्ल्यात सुरू होऊन १९२२च्या फेब्रुवारीत म्युझो येथे पुऱ्या झाल्या आणि १९२३ साली छापल्या गेल्या. पुढच्या काळात जर्मन भाषेच्या अनेक वाचकांनी त्या जवळजवळ धर्मग्रंथासारख्या वाचल्या. त्या आपल्याला 'दिल्या गेल्या' अशी रिल्केची स्वतःचीही भावना होती. त्यांतील देवदूत ख्रिस्ती स्वर्गातला नव्हे, इस्लाममधील देवदूतांशी त्याचे अधिक साम्य आहे, असे त्याने १९२५ साली आपल्या पोलिश अनुवादकाला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे. म्हणजे जीवन, मृत्यू आणि प्रेम यांविषयी आपण काही सत्य सांगत आहोत असा कवीचा दावा होता. ग्वार्दिनीने तो दावा शब्दशः घेतला आणि विचारले : हे खरे आहे काय?

त्याचे उत्तर अनेक ठिकाणी नकारार्थी आहे. सर्वांत तीव्र नकार प्रेमाविषयीचा आहे. प्रेम करणाऱ्याने प्रेमविषयापासूनही मुक्त व्हावे, प्रेम कोणा एकावर न थांबता पुढे जावे, ही रिल्केची आवडती कल्पना. पहिल्या विलापिकेतील गास्पारा स्टाम्पाच्या उल्लेखामागे ती उभी आहे. ग्वार्दिनीला त्यात 'तू' हरवल्याचे दिसते. ज्या प्रेमाला समोरचा माणूस लागत नाही, त्यात प्रेम करणाराही व्यक्ती म्हणून उरत नाही. व्यक्तीचे मोल सर्व बाजूंनी पुसले जात असण्याच्या काळात हे लिहिले गेले, हे ध्यानात ठेवले तर या नकारातील कळकळ समजते.

१९५५ साली गाडामरने या ग्रंथाचे सविस्तर परीक्षण केले. रिल्केला निव्वळ शब्दसौंदर्याचा कवी न मानता त्याच्या म्हणण्याला भिडण्यातील गांभीर्य गाडामरला अपरिचित नव्हते. कलेतील सत्याचा दावा हा त्याच्या स्वतःच्या विचाराचाही गाभा होता. मतभेद होता तो हे सत्य कोठे शोधायचे याविषयी. ग्वार्दिनी रिल्केची विधाने कवितेतून उचलून ख्रिस्ती शिकवणुकीच्या शेजारी ठेवतो आणि मग ताडून पाहतो; त्यामुळे देवदूत हा एक प्रतिस्पर्धी धार्मिक सिद्धान्त बनतो. १९६७ सालच्या आपल्या दुसऱ्या लेखात गाडामरने पर्यायी वाचन मांडले. माणसाच्या अंतःकरणाचे जे जग, तेच कवितेत उलटून मिथकाच्या रूपाने बाहेर उभे राहते. देवदूत ही मानवी भावनेचीच परमावधी आहे. माणूस तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून ती त्याच्यासमोर परकी आणि भयंकर होऊन उभी ठाकते. असे वाचले म्हणजे 'असे देवदूत खरोखर असतात काय' हा प्रश्न गळून पडतो. आपल्या भावनेच्या अपुरेपणाविषयी कविता जे दाखवते ते आपल्याला पटते की नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

गाडामरचा आक्षेप मला ग्राह्य वाटतो. पण त्याचे सर्वांत चांगले समर्थन ग्वार्दिनीच्याच आधीच्या लेखनात सापडते. इव्हानच्या आख्यानासमोर ग्वार्दिनीने 'हे कोण बोलत आहे?' असे विचारले होते. विलापिकांसमोर तो हे विचारायला विसरला. भावकवितेतील 'मी' हा कवीच, आणि त्याचे उद्गार म्हणजे कवीची शिकवण, असे त्याने गृहीत धरले. कादंबरीत पात्रे दिसतात म्हणून अंतर राखणे सोपे असते; कवितेत बोलणाराही एका परिस्थितीत बोलतो, त्याच्या उद्गारात आर्जव असते, भीती असते, स्वतःशीच वाद असतो, हे ओळखणे अवघड. पहिल्या विलापिकेची सुरुवातच आपली हाक कोणी ऐकेल काय या शंकेने होते. ज्याला आपले ऐकले जाईल याचीच खात्री नाही, त्याच्या तोंडी सिद्धान्त घालणे हा त्या उद्गारावर अन्याय आहे. ग्वार्दिनीची चूक सत्याचा प्रश्न विचारण्यात नव्हती. तो प्रश्न ज्या क्रमाने विचारायला त्याने स्वतःच शिकवले होते, तो क्रम रिल्केपाशी सुटला.

६

आपल्याकडील समीक्षाविचाराला हा वाद अगदीच परका नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह मराठीत बळावला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमधील ताणाच्या रूपाने कलाव्यवहार समजून घेतला. संतकवितेच्या वाचनात तर हा ताण रोज अनुभवाला येतो. तुकारामांचा अभंग वारकरी म्हणतो तेव्हा त्याच्या म्हणण्याला होकार देत असतो. वर्गात तोच अभंग शिकवताना आपण बहुधा प्रतिमा, नाट्य आणि आत्मसंवाद यांवर बोलतो आणि होकार-नकाराचा प्रश्न सौजन्याने टाळतो. या सौजन्यात कवीविषयीचा आदर किती आणि आपली सोय किती, हे तपासण्यासाठी ग्वार्दिनीचे वाचन उपयोगी पडते. त्याच्या निष्कर्षांपेक्षा त्याच्या नकारातील गांभीर्य येथे मोलाचे आहे. ज्या कवीला आपण 'नाही, हे खरे नाही' असे म्हणू शकतो, त्याचे बोलणे आपण निदान बोलणे म्हणून ऐकलेले असते.

भारतीय वाचकाला ग्वार्दिनीची आणखी एक जागा थांबवील. 'प्रभू' या १९३७ सालच्या ख्रिस्तविषयक ग्रंथात, येशूच्या शेजारी ज्याचा विचार करण्याचा मोह व्हावा असा एकच पुरुष म्हणून तो बुद्धाचा उल्लेख करतो. बुद्धाचे स्वातंत्र्य त्याला अपार, जवळजवळ अतिमानुषी वाटते, आणि ख्रिस्ती दृष्टीने बुद्धाचा अर्थ काय हे अजून कोणी उलगडलेले नाही, असे तो मानतो. मापे येथेही त्याची स्वतःचीच आहेत. पण आपल्या मापात न मावणारे काही आहे, अशी कबुली तो देतो. रिल्केपाशी नेमकी हीच कबुली कमी पडली.

युद्धाची अखेरची वर्षे ग्वार्दिनीने मोसहाउझेन या खेड्यात, योझेफ वायगर या धर्मगुरू मित्राच्या घरी काढली. १९४५ साली ट्यूबिंगेन आणि १९४८ साली म्यूनिक येथे त्याच्यासाठी पुन्हा अध्यासने निर्माण झाली. दोन्ही रूढ चौकटीबाहेरचीच. १९४५च्या नोव्हेंबरात म्यूनिक येथे त्याने हान्स व सोफी शोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ भाषण केले. १९५२ साली त्याला जर्मन ग्रंथव्यवसायाचे शांतता पारितोषिक मिळाले. १९६२ साली तो निवृत्त झाला आणि १ ऑक्टोबर १९६८ रोजी म्यूनिक येथे निवर्तला. आधुनिक युगाच्या अखेरीविषयीचे त्याचे १९५० सालचे पुस्तक पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या पर्यावरणविषयक परिपत्रात वारंवार उद्धृत झाले, तेव्हा त्याचे नाव पुन्हा चर्चेत आले.

म्यूनिकचे अध्यासन १९६४ साली कार्ल रानर याच्याकडे आले. रानर हा त्या शतकातील सर्वांत प्रभावी कॅथलिक ईश्वरवेत्त्यांपैकी एक. शिस्तीने आणि स्वभावाने तो पद्धतशीर सिद्धान्तकार होता. अध्यासन ईश्वरविद्येच्या विद्याशाखेबाहेर असल्याने त्याला त्या विषयातील डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करता येईना. तीन वर्षांनी, १९६७ साली, तो म्यूनस्टरला निघून गेला. ग्वार्दिनीला ज्या बेघरपणाने दोस्तोयेव्हस्कीपर्यंत आणि होल्डरलिनपर्यंत नेले, तेच बेघरपण त्याच्या वारसाला अडचणीचे ठरले. विद्याशाखांच्या हिशेबात ही अडचण रास्तच होती. पण कवितेला प्रश्न विचारण्याची एक रीत त्या हिशेबाबाहेर, एका कायमच्या पाहुण्याच्या व्याख्यानांत आकाराला आली होती, आणि तिने उभा केलेला प्रश्न कोणत्याही एका विद्याशाखेला आजही आपला एकटीचा म्हणता येत नाही.